कात्री, काळा कागद आणि परीकथा

परीकथा आपल्यापर्यंत तीन वाटांनी येतात. पहिली वाट आजीच्या मुखाची, दुसरी छापील पुस्तकाची आणि तिसरी, त्या मानाने अलीकडची, चित्रपटाच्या पडद्याची. पहिल्या दोन वाटांवर मध्येच थांबण्याची सोय असते. “पुढे काय झाले?” असे आजीस विचारता येते, आणि पुस्तकाचे पान उलटण्यापूर्वी त्यावरील चित्राकडे हवा तितका वेळ पाहता येते. पडद्यावरील कथेस मात्र थांबणे ठाऊक नाही. चेटकी येते, राजपुत्र तलवार उपसतो, घोडा आकाशात उडतो, आणि हे सर्व आपण नीट पाहिले की नाही याचा विचार मनात येईपर्यंत पुढचा प्रवेश सुरू झालेला असतो. जे चित्र सिद्ध करण्यास एखाद्या कलावंताचा दीर्घ काळ खर्ची पडला, ते आपल्यापुढे पापणी लवण्याइतकाही वेळ राहत नाही.

याच कारणाने अशा चित्रपटांमागील मूळ कलाकृती जेथे मांडून ठेवलेल्या असतात, त्या संग्रहालयास भेट देणे हा केवळ करमणुकीचा भाग नव्हे, तर शिक्षणाचा एक मोठा लाभ होय. पडद्यावर जे धावत असते ते तेथे स्थिर झालेले असते. मग त्यातील रेषा, सांधा, कापणी, क्वचित झालेली दुरुस्ती, हे सर्व निवांतपणे पाहता येते. आपण पाहिलेला चमत्कार कोणाच्या हातांनी आणि कोणत्या रीतीने घडविला, या प्रश्नाचे उत्तर चित्रपट सहसा देत नाही, किंबहुना ते लपविण्यातच त्याचे यश असते. ते उत्तर संग्रहालयात मिळते. प्रस्तुत लेखात अशाच एका संग्रहाचा परिचय करून द्यावयाचा आहे.

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात नेकार नदीच्या काठी ट्युबिंगेन नावाचे एक जुने विद्यानगर आहे. तेथील विद्यापीठाची स्थापना १४७७ साली झाली. या नगराचे शहरसंग्रहालय पूर्वीच्या धान्यकोठाराच्या इमारतीत आहे. जेथे एके काळी धान्य साठविले जाई, तेथे आता नगराच्या आठवणी साठविल्या आहेत असे म्हणावयास हरकत नाही. या संग्रहालयातील एक कायमचे प्रदर्शन कागदी छायाचित्रे, सावल्यांचा खेळ आणि छायापट यांना वाहिलेले असून त्याच्या जर्मन नावाचा अर्थ ‘प्रकाश व छाया यांतील जग’ असा आहे. येथे लोट्टे रायनिगर या बाईंच्या मूळ साहित्याचा मोठा भाग जतन केलेला आहे. त्यांनी काळ्या कागदाच्या आकृत्या स्वहस्ते कापून त्यांच्या साह्याने परीकथांचे चित्रपट निर्माण केले. त्यांच्या कामाचे दुसरे पुष्कळसे साहित्य, आणि ज्या मेजावर हे चित्रपट घडले ते मेज, ड्युसेलडॉर्फ येथील चित्रपटसंग्रहालयात आहे.

रायनिगरबाईंचा जन्म २ जून १८९९ रोजी बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्ग येथे झाला. कात्रीने कागद कापून आकृती करण्याचे कसब त्यांना अगदी लहानपणीच साधले होते, व त्या आकृत्यांच्या जोरावर घरच्या घरी त्या सावल्यांची नाटके करीत. पुढे नाट्यशिक्षणासाठी त्या माक्स राइनहार्ट यांच्या प्रसिद्ध नाट्यशाळेत गेल्या. रंगमंचाच्या बाजूस उभे राहून त्या नटांच्या हुबेहूब कागदी आकृत्या कापीत, आणि त्या पाहून मोठमोठ्या नटांचे लक्ष या मुलीकडे वेधले. पाऊल वेगेनर या नटाने व दिग्दर्शकाने हे कौशल्य ओळखले. १९१८ साली ‘हामेलनचा पुंगीवाला’ या कथेवरील त्यांच्या चित्रपटात उंदरांचा थवा दाखवावयाचा होता. खरे प्राणी मनाजोगे वागेनात, तेव्हा लाकडी उंदीर करून ते एकेक पाऊल पुढे सरकवीत त्यांची चित्रे घेण्यात आली. या कामी रायनिगरबाईंचा हात होता. स्थिर वस्तूस चालते करण्याचा हा त्यांचा पहिला धडा. पुढील वर्षी, म्हणजे १९१९ साली, त्यांनी आपला पहिला छोटा छायापट केला. १९२१ साली कार्ल कोख यांच्याशी त्यांचा विवाह झाला, व तेव्हापासून बहुतेक सर्व चित्रपटांत कॅमेऱ्याची बाजू कोख यांनी सांभाळली.

आता या आकृत्या कशा करीत, ते पाहू. मुलांना चित्रात पाहून वाटते त्याप्रमाणे ती एकसंध बाहुली नसते. डोके, मान, धड, दंड, पुढील हात, पंजा, मांडी, पोटरी, पाऊल असे भाग निरनिराळे कापावयाचे आणि बारीक तारेने ते सांध्याशी जोडावयाचे, म्हणजे प्रत्येक सांधा बिजागरीप्रमाणे फिरतो. काळ्या पुठ्ठ्याबरोबर शिशाचा पातळ पत्राही वापरीत. शिसे जड असल्यामुळे आकृती काचेवर सपाट बसते, आणि हाताचा धक्का लागून अकारण हलत नाही. एखाद्या पात्राचा चेहरा जवळून दाखवावयाचा असेल तर तेवढ्यासाठी मोठ्या आकाराचे डोके निराळे कापावे लागे. कारण लहान आकृतीजवळ कॅमेरा नेला तर कागदाची कड खडबडीत दिसते.

ज्या मेजावर हे काम चाले, त्याच्या वरच्या बाजूस काच असे. काचेखाली दिवे, काचेवर अर्धपारदर्शक कागद, त्यावर आकृती, आणि बरोबर वर, खाली तोंड करून टांगलेला कॅमेरा. खालून येणारा प्रकाश आकृतीमुळे अडतो, म्हणून कॅमेऱ्यास ती काळीभोर दिसते आणि भोवतालचा कागद उजळ दिसतो. मागची दृश्ये, म्हणजे डोंगर, महाल, अरण्य ही पातळ झिरझिरीत कागदाचे थर एकावर एक ठेवून करीत. जेथे एकच थर तेथे उजेड अधिक, आणि जेथे चार थर तेथे अंधार अधिक. याप्रमाणे दूरचा डोंगर फिकट व जवळचा गडद होई. रंगाचा कुंचला न उचलता दूर व जवळ यांचा भास होई तो असा.

एवढी सिद्धता झाल्यावर खरे काम सुरू होई. आकृती मांडावयाची व एक चित्र घ्यावयाचे. नंतर हात किंचित वर, पाय किंचित पुढे सरकवून दुसरे चित्र घ्यावयाचे. पुन्हा थोडेसे सरकवून तिसरे. एका सेकंदास २४ चित्रे या वेगाने ती पडद्यावर टाकली, म्हणजे आपला डोळा व मेंदू यांना सुटी चित्रे जाणवत नाहीत, तर सलग हालचाल जाणवते. ज्यास आज सर्वत्र ‘ॲनिमेशन’ म्हणतात, त्याचे सारे रहस्य एवढेच आहे. मात्र ते सांगण्यास जितके सोपे, तितकेच करण्यास कठीण आहे. समजा, एका पावलास अर्धा सेकंद लागतो, तर त्या एका पावलासाठी १२ चौकटी हव्यात. पाय पुढे जाताना दुसरा पाय मागे राहिला पाहिजे, हात झुलले पाहिजेत, धड थोडे झुकले पाहिजे, आणि झग्याची कड मागाहून आली पाहिजे. गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा : १० मिनिटांच्या कथेस १४,४०० चौकटी लागतात. प्रत्येक मांडणीचे चित्र दोनदा घेऊन श्रम वाचविले, तरी आकृत्या ७,२०० वेळा हलवाव्याच लागतात. त्यांपैकी एखादी मांडणी चुकली तर पडद्यावर राजकन्या एकाएकी दचकल्यासारखी दिसते.

ही युक्ती आपल्या महाराष्ट्रासही अपरिचित नव्हती. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटास हात घालण्यापूर्वी, १९१२ साली, वाटाण्याच्या अंकुराची वाढ दाखविणारा एक छोटा चित्रपट केला होता. त्यात रोपट्याची एकेक चौकट काही काळाच्या अंतराने घेतली होती, आणि त्यामुळे अनेक दिवसांची वाढ प्रेक्षकांस क्षणभरात दिसली. पुढे १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ या पटात त्यांनी साध्या काड्यांना नाचविले. बर्लिनमधील कात्री आणि फाळके यांच्या काड्या यांचा परस्परांशी संबंध नव्हता. परंतु एकेका चौकटीची वाट पाहणारा धीर दोन्ही ठिकाणी एकच होता.

सावलीच्या खेळाचे मूळ याहून कितीतरी जुने आहे. चीन, जावा, तुर्कस्थान व आपला भरतखंड येथे सावल्यांची नाटके शतकानुशतके होत आली आहेत. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी व कळसूत्री बाहुल्या यांबरोबर चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळही जतन केला आहे. पडद्यामागे दिवा, दिवा व पडदा यांमध्ये चामड्याची बाहुली, आणि पडद्यावर रामरावणाचे युद्ध, असा तो खेळ असतो. युरोपात हा खेळ पूर्वेकडून गेला आणि तेथे ‘चिनी सावल्या’ या नावाने लोकप्रिय झाला. काळ्या कागदाच्या मुखाकृती कापण्याची चाल मात्र त्या खंडात स्वतंत्रपणे वाढली. अशा आकृतीस ‘सिल्हूट’ म्हणतात. १७५९ साली फ्रान्सचे अर्थमंत्री झालेले एत्येन द सिल्हूट हे काटकसरीबद्दल प्रसिद्ध होते, आणि जे जे स्वस्त त्यास लोक थट्टेने त्यांचे नाव देऊ लागले. रंगीत तसबीर ज्यास परवडत नसे, तो ही कागदी आकृती कापून घेई. पुढे थट्टा विसरली गेली आणि नाव तेवढे राहिले. परीकथांचा प्रख्यात डॅनिश लेखक हान्स ख्रिश्चन अँडरसन हाही कात्रीचा शौकीन होता, व त्याने कापलेल्या कागदी आकृत्या ओडेन्से येथे त्याच्या संग्रहालयात जपल्या आहेत. यावरून परीकथा व कात्री यांचा स्नेह रायनिगरबाईंच्याही पूर्वीचा आहे, हे ध्यानी येईल.

या दोन परंपरांत रायनिगरबाईंनी स्वतःची भर घातली ती कोणती? छायाखेळातील बाहुली खेळ चालू असताना सूत्रधाराच्या हाती असते. हात थकला तर बाहुली थकते, आणि जे एकदा चुकले ते चुकले. छायापटात मात्र हालचाल थांबवून, विचार करून, पुन्हा पुढे नेता येते. त्यामुळे बोटांची हालचाल, वस्त्राची चुणी, पक्ष्याच्या पंखाचे उघडणे-मिटणे असे सूक्ष्म प्रकार साधतात.

या पद्धतीने केलेली त्यांची सर्वांत मोठी कृती म्हणजे ‘राजपुत्र अहमदाची साहसे’ हा चित्रपट होय. १९२३ साली, रायनिगरबाईंचे वय २४ वर्षांचे असताना, लुई हागेन नावाच्या एका पेढीवाल्याने त्यांना पूर्ण लांबीचा चित्रपट करण्याविषयी सुचविले. जर्मनीत त्या वर्षी चलनाचे मोल इतके ढासळले होते की हाती असलेला पैसा उद्या कागद ठरेल अशी सर्वांस धास्ती होती. त्याच सुमारास हागेन यांनी कोऱ्या फिल्मचा मोठा साठा विकत घेऊन ठेवला होता. त्यांच्या पॉट्सडाम येथील मोटारखान्यावरच्या माळ्यावर कलागृह थाटण्यात आले. माळा ठेंगणा असल्यामुळे काचेचे मेज जमिनीलगत ठेवावे लागे व आकृत्या हलविण्यासाठी गुडघे टेकून बसावे लागे. असे सुमारे ३ वर्षे काम चालले. कोख कॅमेऱ्यापाशी असत. वाल्टर रुटमान यांनी जादूच्या प्रसंगांतील हलते प्रकाश-आकार निर्माण केले, तर बेर्टोल्ड बार्टोश यांनी समुद्राच्या लाटांसारखी दृश्ये घडविली. अलेक्झांडर कार्डान व वाल्टर ट्युर्क हे साहाय्यक होते. संगीत वोल्फगांग त्सेलर यांचे होते. २ मे १९२६ रोजी बर्लिन येथे या चित्रपटाचा पहिला खेळ झाला.

कथा ‘अरबी भाषेतील सुरस गोष्टीं’च्या भांडारातून घेतली आहे. खलिफाच्या वाढदिवशी एक मांत्रिक उडता घोडा घेऊन येतो व मोबदला म्हणून राजकन्येची मागणी करतो. तिचा भाऊ अहमद घोड्यावर बसतो, परंतु घोडा वर कसा न्यावा एवढेच त्यास कळते. खाली कसा आणावा हे ठाऊक नसल्यामुळे तो मेघांपलीकडे जातो. पुढे वाकवाक बेटावरील पिसांचा पोशाख घालणारी परी बानू, ज्वालामुखी पर्वतावरील चेटकी, आणि अल्लाउद्दीन व त्याचा दिवा हे सर्व या कथेत गुंफले आहेत. शेवटाकडे चेटकी व मांत्रिक यांचे युद्ध होते, त्यात दोघेही क्षणाक्षणाला नवनवी प्राण्यांची रूपे घेतात. हा प्रसंग पाहताना एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना मधल्या चौकटींत आकृतीचे काय होत असेल, हे मनाशी चित्रित करून पाहावे. मग छायेच्या त्या माध्यमाचे सामर्थ्य लक्षात येईल. मांसाचे मनुष्य असे बदलू शकत नाहीत, आणि सावलीस तो बदल अगदी स्वाभाविक वाटतो.

आता संग्रहालयात गेल्यावर काय पाहावे? प्रथम सांधे पाहावेत. जोडणीची जागा योग्य असेल तर हात खांद्यापासून वळतो. ती थोडी खाली आली तर तोच हात मोडल्यासारखा दिसतो. म्हणजे कागद कापणारास शरीराच्या रचनेचे ज्ञान हवे. दुसरे, कडा पाहाव्यात. या आकृत्यांना डोळ्यांतील भाव नाहीत, ओठांवरील हास्य नाही, गालांवर लाली नाही. जे सांगावयाचे ते सर्व बाह्य रेषेनेच सांगावे लागते. म्हणून झुकलेली मान म्हणजे दुःख, पुढे आलेली हनुवटी म्हणजे गर्व, ताठ पाठ म्हणजे निश्चय. चेहरा झाकून केवळ उभे राहण्याच्या ढबीवरून मनुष्य ओळखता येतो, हे आपण दूरून येणाऱ्या मित्राच्या चालीवरून रोज अनुभवतोच. तिसरे, कापून वगळलेली जागा पाहावी. पडद्याची जाळी, मुकुटाची नक्षी, झाडाची पाने ही काळ्या कागदात नसतात, तर कागदातून काढून टाकलेल्या भागात असतात. काय ठेवावे यापेक्षा काय काढावे, हे ठरविणे येथे अधिक अवघड होते. कारण एकदा कापलेले पुन्हा जोडता येत नाही.

परीकथेस ही छायेची रीत इतकी कशी मानवते, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. परीकथेतील माणसांस बहुधा नावे नसतात. एक राजा, एक सावत्र आई, एक धाकटा मुलगा, असेच त्यांचे वर्णन असते. श्रोता त्यांना आपल्या मनातील चेहरे देतो. सावलीसही चेहरा नसतो, म्हणून प्रत्येक बालकाची राजकन्या त्याच्या स्वतःच्या मनातील राहते. १९२२ साली रायनिगरबाईंनी सिंड्रेलाच्या कथेवर एक छोटा छायापट केला. त्याच्या आरंभीच कात्री कागद कापताना दिसते, म्हणजे जो हात इतरत्र लपविला जातो तो त्यांनी प्रेक्षकांस आधीच दाखवून टाकला. यामुळे कथेची गोडी कमी झाली नाही. लंडनमध्ये १९५३ ते १९५५ या काळात त्यांनी प्रिमरोझ प्रॉडक्शन्ससाठी ‘शूर शिंपी’, ‘बेडूक राजपुत्र’, ‘झोपलेली राजकन्या’, ‘हान्सेल व ग्रेटेल’ अशा अनेक लहान परीकथा केल्या. त्यांतील ‘शूर शिंपी’ या पटास १९५५ साली व्हेनिस येथे पारितोषिक मिळाले. शिंप्याची कथा, आणि ती सांगणारीही कात्रीच, हा योग मोठा मौजेचा आहे.

येथे एका प्रचलित समजुतीचा विचार करणे अगत्याचे आहे. पूर्ण लांबीचा पहिला ॲनिमेशनपट कोणता, असे विचारल्यास पुष्कळजण वॉल्ट डिस्नी यांच्या ‘स्नो व्हाइट’चे नाव घेतात. तो चित्रपट २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिस येथे प्रथम दाखविला गेला. त्याची थोरवी मोठी आहे. ८३ मिनिटांच्या त्या पटास सुमारे १ लाख २० हजार चौकटी लागल्या. पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावांवर रेषा उतरविणे व त्यात रंग भरणे हे काम तर मुख्यत्वे तरुण स्त्रियांच्या मोठ्या पथकाने केले, आणि पडद्यावरील नामावलीत त्यांची नावे आली नाहीत. तथापि अहमदाची कथा त्याच्याही ११ वर्षे आधीची आहे. पूर्ण लांबीचा याहूनही जुना ॲनिमेशनपट अर्जेंटिनात क्विरिनो क्रिस्तियानी यांनी १९१७ साली केला होता, परंतु त्याची एकही प्रत आज शिल्लक नाही. म्हणून आज उपलब्ध असलेल्या अशा चित्रपटांत सर्वांत जुना हा मान ‘राजपुत्र अहमद’ यासच दिला जातो. जे जपले गेले तेच इतिहासात पुढे येते. जे जपले गेले नाही त्याचे कर्तृत्व कितीही मोठे असले, तरी त्यास साक्षीदार उरत नाही.

अहमदाचा पटही नष्ट होण्यापासून थोडक्यात वाचला. त्याची मूळ जर्मन प्रत आज ज्ञात नाही. मूळ पटातील निरनिराळे प्रसंग निरनिराळ्या रंगछटांत रंगविलेले होते, पण पुढे प्रेक्षकांच्या हाती आलेल्या प्रती केवळ काळ्या-पांढऱ्या होत्या. जुन्या ज्वालाग्राही फिल्मवरील ज्या प्रती उरल्या होत्या त्यांच्या आधारे जर्मन व ब्रिटिश अभिलेखपालांनी १९९८-९९ साली तो दुरुस्त केला व त्याच्या रंगछटा त्यास परत मिळवून दिल्या.

निर्मातीचे आयुष्यही असेच वादळातून गेले. १९३३ साली हिटलरची सत्ता आल्यावर रायनिगरबाई व कोख यांना जर्मनीत राहणे नको झाले. परंतु अन्य देशांत कायम वास्तव्याचा परवाना मिळेना, म्हणून दोघे परवान्याची मुदत असेल तितके दिवस एका देशात व पुढे दुसऱ्या देशात असे वर्षानुवर्षे फिरत राहिले. युद्धकाळात आजारी आईच्या शुश्रूषेसाठी त्यांना बर्लिनला परतावे लागले. १९४९ साली ते लंडनला स्थायिक झाले. १९६३ साली कोख वारले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे बाईंच्या हातून नवा चित्रपट झाला नाही. परंतु उतारवयात त्यांना कॅनडातून पाचारण आले. तेथील राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी त्यांनी पुन्हा कात्री उचलली, व १९७९ साली ‘गुलाब व अंगठी’ या कथेवर पट केला. तेव्हा त्यांचे वय ८० वर्षांचे होते. शेवटचे दिवस त्यांनी ट्युबिंगेनजवळील डेटेनहाउझेन या गावी घालविले, व तेथेच १९ जून १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे साहित्य राजधानीत न राहता या लहानशा विद्यानगरात का आहे, याचा उलगडा यातून होतो.

देशोदेशी बिऱ्हाड हलविणाऱ्या मनुष्याजवळ कागदाचे तुकडे टिकणे हे काही सामान्य नव्हे. पुठ्ठा ओलाव्याने फुगतो, तार गंजते, झिरझिरीत कागद उजेडाने पिवळा पडतो. चित्रपट पूर्ण झाल्यावर अशा वस्तूंचे आता काय काम, असे पुष्कळ ठिकाणी समजले गेले, आणि जगातील कितीतरी चित्रपटगृहांच्या कलाशाळांतील मूळ चित्रे अशीच टाकून दिली गेली. म्हणून जेथे त्या टिकल्या तेथे त्यांच्या रक्षणाची जबाबदारी संग्रहालयावर, आणि त्यांचे मोल जाणण्याची जबाबदारी पाहणारावर येते.

ट्युबिंगेनला जाणे आपल्यापैकी थोड्यांसच शक्य होईल. परंतु त्या प्रदर्शनातील मुख्य धडा घरबसल्या शिकता येतो. विद्यार्थ्यांनी सुटीत पुढील प्रयोग अवश्य करून पाहावा. काळ्या पुठ्ठ्याची एक साधी मनुष्याकृती कापावी. हात व पाय निराळे कापून दाभणाने भोक पाडावे व दोऱ्याची गाठ मारून ते जोडावेत. खिडकीच्या तावदानासारखी एक काच दोन डब्यांवर आडवी ठेवावी, तिच्यावर पातळ पांढरा कागद पसरावा आणि खाली लहान दिवा ठेवावा. (काचेच्या कडा वडील माणसांकडून कापडी पट्टीने झाकून घ्याव्यात.) आता वडिलांचा किंवा आईचा मोबाईल फोन उंच जागी खाली तोंड करून घट्ट बसवावा. आकृतीचा पाय जोंधळ्याच्या दाण्याएवढा सरकवून एक चित्र घ्यावे, पुन्हा सरकवून दुसरे घ्यावे. अशी २४ चित्रे झाली म्हणजे एका सेकंदाची चाल सिद्ध होईल. आरंभी घड्याळात वेळ पाहून ठेवावी आणि शेवटी पुन्हा पाहावी.

या प्रयोगात आकृती लंगडेल, मध्येच तिचा हात गळून पडेल, कोणाच्या तरी बोटाची सावली चित्रात येईल. तरीही आपण कापलेली आकृती जेव्हा प्रथम एक पाऊल टाकील, तेव्हा होणारा आनंद काही निराळाच असेल. पालकांसही एक विनंती करावीशी वाटते. मुले परीकथांचे चित्रपट पाहतात तेव्हा त्यांना त्यापासून परावृत्त करण्यापेक्षा एखाद्या ठिकाणी पट थांबवून हे कोणी केले असेल, कसे केले असेल, असे त्यांना विचारावे. शेवटी येणारी लांबलचक नामावली वाचल्याशिवाय उठू नये, अशी सवय घरात असावी. ‘स्नो व्हाइट’मध्ये रंग भरणाऱ्या स्त्रियांस जी जागा मिळाली नाही, ती आज ज्यांना मिळते त्यांची नावे निदान वाचली तरी जावीत.

आणि कधी काळी अशा प्रदर्शनास जाण्याचा योग आलाच, तर शंभर वस्तूंवरून धावती नजर टाकू नये. एखाद्याच आकृतीपाशी बराच वेळ थांबावे. तिच्या कोपरापाशी बारीक तारेची वेटोळी दिसेल. पडद्यावर ती कधीच दिसली नव्हती, परंतु राजकन्येचा हात ज्या क्षणी वर झाला त्या क्षणी त्या हाताचा सारा भार तिनेच पेलला होता.